जुन्या मोटारीतला उन्हाळा

एप्रिल-मे आला की लग्नसराई सुरू होते आणि जुन्या मोटारींना पुन्हा दिवस येतात. झेंडूच्या माळा घातलेली अँबॅसडर, पॉलिश करून चकाकणारी फियाट, क्वचित त्याहूनही जुनी एखादी विलायती मोटार वरातीत उभी राहते. बघणाऱ्याला मौज वाटते. परंतु नवरा-नवरीला आत बसवून दार लावले की पाच मिनिटांत दोघेही घामाने न्हाऊन निघतात. आणि सकाळपासून जो ड्रायव्हर त्या गाडीजवळ ताटकळत असतो, त्याच्या हालाला तर पारावारच नसतो.

काही वाचक म्हणतील, जुन्या मोटारींचा शौक श्रीमंतांचा, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे. मालक एक असतो. पण गाडी चालवणारा, धुणारा, इंजिन खोलणारा मिस्त्री, पत्रा ठोकणारा, सीट शिवणारा, ही सारी माणसे आपल्याच चाळीतली आणि वस्तीतली असतात. शिवाय मुंबईत कितीतरी कुटुंबांचा संसार प्रीमियर पद्मिनीच्या मीटरवर चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघालेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही, कारण टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ साली बनायची थांबली. तरी या दोन्ही गाड्या आजही कोणाच्या अंगणात, कोणाच्या गॅरेजात, कोणाच्या नोकरीत उभ्या आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही जुन्या मोटारीच्या आतला उन्हाळा कसा कमी करावा, याचा विचार मांडत आहोत. यात पैसा थोडा लागतो, अक्कल जास्त लागते.

उष्णता येते कोठून?

हिशेब नीट मांडायचा तर आधी जमेची बाजू पाहावी लागते. मोटारीत उष्णता तीन वाटांनी जमा होते.

पहिली वाट काचेची. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो. तो सीटवर, डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर पडला की त्या वस्तू तापतात आणि आपली उष्णता बाहेर टाकू लागतात. परंतु ही उष्णता वेगळ्या प्रकारची असते, तिला काचेतून बाहेर पडता येत नाही. तापलेली हवाही काचा बंद असल्यामुळे आतच कोंडते. उष्णता आत येते आणि बाहेर जात नाही, असे हे खाते आहे.

दुसरी वाट टपाची. आपल्या महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याला आणि नागपूरकडे मेच्या अखेरीस असा एक दिवस येतो की दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवसांत मोटारीचा टप हाच उन्हाचा मुख्य धनी. जुन्या गाडीचा पत्रा जाड असला तरी त्याखाली अस्तराचे पातळ कापड तेवढे असते, आणि तेही बहुधा लोंबलेले!

तिसरी वाट इंजिनाची. पद्मिनी काय किंवा अँबॅसडर काय, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे गिअरबॉक्स, दांडा आणि सायलेन्सरचा पाइप बसणाऱ्यांच्या पायाखालून मागे जातो. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये जी पत्र्याची भिंत असते तिला वायरी, केबली, पेडल यांच्यासाठी भोके असतात. त्यातली रबरे ३०-४० वर्षांत वाळून गळून पडतात आणि इंजिनाची वाफ थेट ड्रायव्हरच्या पायावर येते. ड्रायव्हर मंडळींच्या पोटऱ्या का भाजतात याचे उत्तर येथे आहे.

तीन वाटा कळल्या की उपायही तीन ठिकाणी करायचे, हे ओघाने आलेच.

बिनपैशाचे उपाय

सर्वांत मोठा उपाय सावलीचा, आणि तो फुकट आहे. परंतु सावली चालती असते, हे लक्षात ठेवावे. सकाळी इमारतीच्या पश्चिमेला सावली असते, दुपारनंतर ती पूर्वेला जाते. दुपारी १२ ते ५ गाडी उभी राहणार असेल तर ती भिंतीच्या किंवा झाडाच्या पूर्व बाजूला लावावी. १२ वाजता तेथे सावली अपुरी वाटेल, पण ती घटकाघटकाने वाढत जाईल. सावली मुळीच नसेल तर दुपारी गाडीचे तोंड पूर्वेकडे करावे. म्हणजे कलते ऊन मागच्या काचेवर जाईल, आणि स्टिअरिंग व पुढची सीट त्यातल्या त्यात वाचेल.

दुसरा उपाय कापडाचा. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावण्याची पद्धत आहे, ती चांगलीच आहे. परंतु ऊन काचेतून आत आल्यावर अडवण्यापेक्षा काचेबाहेरच अडवलेले अधिक बरे. जुने पांढरे धोतर किंवा सुती साडी दुहेरी करून पुढच्या काचेवर बाहेरून पसरावी आणि तिची दोन टोके दोन्ही दारांत दाबून दारे लावावीत. वाऱ्याने उडत नाही, आणि खर्च शून्य.

रेक्झिनच्या सीटवर पांढरा टॉवेल किंवा सुती खोळ घालावी. सरकारी अँबॅसडरच्या सीटवर पांढरे टॉवेल असत ते साहेबाच्या थाटासाठी, असा आपला समज असतो. थाट असेलही. पण रेक्झिन तापते आणि घाम शोषत नाही, सुती कापड घाम शोषून घेते, हा फायदा खराच. स्टिअरिंगवरही उभ्या गाडीत एक फडके टाकावे आणि निघताना आठवणीने काढावे.

तिसरा उपाय, गाडीत बसण्याआधीचा. उन्हात उभ्या गाडीत एकदम शिरू नये. एका बाजूची काच पूर्ण खाली करावी आणि समोरच्या बाजूचे दार पाच-सहा वेळा उघडझाप करावे. दार पंख्यासारखे काम करते आणि कोंडलेली गरम हवा बाहेर ढकलली जाते. त्यानंतर पहिली काही मिनिटे सर्व काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवावी.

चौथा उपाय त्या तिकोनी काचेचा. पुढच्या दारातली ती लहानशी काच म्हणजे जुन्या कारागिरांनी दिलेला बिनविजेचा पंखाच होय! चालत्या गाडीत ती पूर्ण उलटी फिरवली तर बाहेरचा वारा अडून थेट अंगावर येतो. थोडीच उघडली तर ती आतली हवा बाहेर ओढते. मात्र हवेला आत येण्याची वाट दिली तर बाहेर जाण्याचीही वाट द्यावी लागते. म्हणून मागची काच चार बोटे खाली ठेवावी. पुष्कळ गाड्यांत या तिकोनी काचेची खिटी गंजून अडकलेली असते. तिला तेल द्यावे, तोडून टाकू नये.

ताप्या काचेवर एकदम गार पाणी मात्र कोणी ओतू नये. जुन्या काचेला तडा जाऊ शकतो, आणि तशी काच आता शोधूनही मिळत नाही.

ओले कापड कोठे चालते, कोठे नाही

आमच्या वाचकांत नागपूर-अकोल्याचे लोक आहेत, तसे परळ-चेंबूरचेही आहेत. दोघांचा उन्हाळा वेगळा. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते. तेथे वाळ्याचा पडदा किंवा ओले पोते खिडकीवर टाकले की पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. घरातला डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेच्या कोरड्या भागात मोटारीच्या खिडकीला लटकवायचे असे पाण्याचे कूलर एकेकाळी मिळत. पॅकार्ड कंपनीने कारखान्यातून बसवून दिलेला एअर कंडिशनर १९३९ साली दाखवला, तरी सामान्य माणसाला पुढची बरीच वर्षे तो परवडणारा नव्हता.

मुंबई-कोकणात हवा आधीच दमट. तेथे ओल्या पडद्याचे पाणी उडत नाही, उलट आतला दमटपणा वाढतो आणि माणूस अधिक कासावीस होतो. तेथे वाहती हवा हाच उपाय. आणि दोन्हीकडे एक पथ्य पाळावे. ओले पोते किंवा गालिचा गाडीत तसाच सोडू नये. खालचा पत्रा सडतो आणि फ्लोअरला भोक पडते. त्या भोकाचा धोका पुढे सांगत आहोत.

बॅटरीवर चालणारा छोटा पंखा पुष्कळ जण लावतात. पंखा हवा गार करीत नाही, तो फक्त घाम वाळवतो. हवेचा पारा ४० अंशांच्या वर गेला की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही असाच सल्ला आहे. अशा वेळी मान व हात ओल्या फडक्याने पुसून मगच पंख्यापुढे बसावे.

थोड्या पैशाचे उपाय

पहिला खर्च इंजिनाच्या भिंतीवर करावा. भोकांतली सडलेली रबरे बदलणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम. दिवसा बॉनेट बंद करून, पायाशी वाकून, काळोखातून उजेडाचा ठिपका दिसतो का ते पाहावे. जेथून उजेड येतो तेथूनच उष्णता येते. त्यानंतर फ्लोअरवर आणि गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर जाड नमदा घालून वर रबरी चटई टाकावी.

दुसरा खर्च टपाचा. अस्तर बदलायची वेळ आली की सीटकाम करणाऱ्याला सांगून पत्र्याच्या आतून चंदेरी थराचे उष्णतारोधक पॅड चिकटवून घ्यावे. थर्माकोल भरू नये, तो भडकन पेट घेतो. रंग द्यायचा असेल तर टप फिकट ठेवावा. २०११ साली अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या मोटारी उन्हात उभ्या केल्या. काळ्या गाडीचा टप चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत अधिक तापला आणि आतली हवा ५-६ अंशांनी अधिक गरम झाली. आपल्या मुंबईच्या टॅक्सीचे अंग काळे पण टप पिवळा, हे ड्रायव्हरच्या डोक्याच्या दृष्टीने बरेच होते म्हणायचे!

तिसरा खर्च इंजिनाच्या तब्येतीचा. रेडिएटर साफ करून घ्यावा, होस पाइप व फॅनबेल्ट बदलावा, पाण्यात कूलंट घालावे. तापलेले इंजिन आतल्या माणसालाही तापवते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. कडक उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबण्याची जुन्या टॅक्सीवाल्यांची युक्ती आजही चालते. त्या वेळी बिडी-काडी मात्र चार हात दूर.

मोठा खर्च करण्यापूर्वी

जुन्या गाडीला ए.सी. बसवावा काय, असा प्रश्न येतो. बसवता येतो. पण पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे. त्यावर ए.सी.चा बोजा टाकला की गाडीची ओढ कमी होते आणि रेडिएटर, डायनॅमो, बॅटरी या साऱ्यांवर ताण येतो. म्हणून आधी रबरे, नमदा, टप ही कामे करावीत. निम्मे काम तेथेच होते.

आणखी एक बाब. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाडीला 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी मिळू लागली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असतात. त्यासाठी सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही मालकाने ध्यानात ठेवावे. ए.सी.साठी पत्रा कापण्यापूर्वी हा विचार हवाच.

काचेला काळी फिल्म लावण्याचा मोह होतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेचे कोणतेही काम करण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारावे. दंड भरायचा तो बहुधा ड्रायव्हरच्याच लायसन्सवर येतो.

आता खरी काळजीची गोष्ट

येथवर सोयीची चर्चा झाली. आता जिवाची करू.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात खेळता खेळता दोन लहान भावंडे एका वापरात नसलेल्या मोटारीत शिरली. दार आतून उघडता आले नाही. शोध लागला तेव्हा दोघांचेही प्राण गेलेले होते. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात अशाच बंद मोटारीत चार मुले गेली. बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी, गॅरेजच्या मागे, मैदानाच्या कडेला अशी धूळ खात पडलेली जुनी गाडी नाही काय? मुलांना ती लपंडावाचे घर वाटते.

२००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की बंद मोटारीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंशांनी वाढते, आणि यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा ३ ते ५ पट वेगाने तापते. म्हणून 'काच जरा उघडी ठेवली आहे, दोन मिनिटांत येतो' हे बोलणे मनातूनच काढून टाकावे. मूल, म्हातारे माणूस, आजारी माणूस यांना उभ्या मोटारीत क्षणभरही ठेवू नये.

वस्तीतल्या महिला मंडळाने, तरुण मंडळाने एका रविवारी फेरी काढावी. परिसरात बेवारस किंवा उभ्या पडलेल्या गाड्या किती, त्यांची दारे लागतात का, याची यादी करावी. मालक सापडला तर त्याला सांगून गाडीला कुलूप लावून घ्यावे. नाही सापडला तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात आणि पोलीस चौकीत लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. आणि मुलांना एवढे शिकवावे की कधी अडकलात तर रडत बसू नका, हॉर्न दाबत राहा, पुढच्या दारांचे हँडल ओढून पाहा.

दुसरा धोका धुराचा. फ्लोअरला भोक आणि सायलेन्सरला गळती असेल तर इंजिनाचा धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. बंद गॅरेजात इंजिन सुरू ठेवून गारव्याला बसणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे.

तिसरी काळजी ड्रायव्हर बांधवांची. साहेब समारंभात आणि ड्रायव्हर तापलेल्या गाडीत चार तास, हे दृश्य रोजचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानातील समारंभात उन्हाने १४ जणांचे प्राण घेतले, हे आपण विसरलेलो नाही. उन्हाशी मर्दुमकी चालत नाही. गाडी सावलीत लावू द्या, मला बाहेर सावलीत बसू द्या, प्यायला पाणी द्या, एवढे मालकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. हे मागणे म्हणजे मेहरबानी नव्हे. गाडीच्या रंगाला ऊन लागू नये म्हणून जो मालक हजारो रुपये खर्च करतो, त्याने गाडी चालवणाऱ्याच्या जिवाची तितकीच काळजी करावी, यात गैर ते काय?

घरच्या माय-भगिनींनी डब्याबरोबर पाण्याची मोठी बाटली, ताक किंवा कैरीचे पन्हे द्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लायटर, अत्तराचे फवारे, गॅसचे डबे डॅशबोर्डवर सोडू नयेत, ते उन्हात फुटतात.

कोणाला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा, आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

जुनी मोटार जपणे हा छंद चांगला आहे. त्यात कारागिरीचा मान आहे आणि कित्येकांच्या हातांना कामही आहे. परंतु तिच्या आत आणि आजूबाजूला जी माणसे आहेत ती आधी, गाडी नंतर. या रविवारी प्रत्येक वाचकाने आपल्या गल्लीतली एक तरी उभी गाडी पाहून यावी आणि तिची दारे लागतात की नाही याची खात्री करून घ्यावी, एवढीच आमची विनंती.